टोपीकरामागचा राजा

पन्हाळ्याचा वेढा म्हटला की शिवा काशीद आठवतो, बाजीप्रभू आठवतात, घोडखिंड आठवते. १६६० च्या त्या वेढ्यातली आणखी एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. शिवाजी महाराज गडावर अडकलेले, खाली आदिलशाहीच्या सिद्दी जौहरची फौज, आणि तिच्या तळावर एके दिवशी चक्क इंग्रजांचं निशाण फडकलं. राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन साथीदारांना घेऊन, उखळी तोफ आणि तिचे गोळे लादून, घाट चढून पन्हाळ्याखाली आला होता. ते गोळे आदिलशाहीला विकायचे आणि त्या ओघात विजापूरची मर्जी संपादन करायची, असा त्याचा बेत होता. इंग्रजांनी गडावर गोळे डागले आणि ते डागताना निशाणही लपवलं नाही.

महाराज पन्हाळ्यावरून निसटले, पण हे निशाण विसरले नाहीत. पुढच्याच वर्षी, १६६१ मध्ये, मराठी फौज राजापुरात उतरली, वखार खणून काढली गेली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रज कैद झाले. सुटका व्हायला सुमारे दोन वर्षं लागली. कैदेतून त्यांनी सुरतेच्या वरिष्ठांकडे गाऱ्हाणी पाठवली, तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच फटकारलं. तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडले गेला नाहीत, पन्हाळ्याला जाऊन इंग्रजी निशाणाखाली गोळे उडवलेत म्हणून पकडले गेलात, असा त्या उत्तराचा मथितार्थ होता. म्हणजे सुरतेच्या हिशेबी रेव्हिंग्टनने आगाऊपणा केला होता. व्यापाऱ्याने लढाईत पडू नये, हा धडा त्याला मिळाला होता. पण त्याच १६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने ईस्ट इंडिया कंपनीला नवी सनद दिली. ख्रिस्ती नसलेल्या राजांशी युद्ध किंवा तह करण्याचा अधिकार कंपनीला आहे, असं त्या सनदेत होतं. रेव्हिंग्टनने हुकमाशिवाय जे केलं, ते करण्याची मुभा लंडनने कागदावर देऊन टाकली.

गोळे विकणारा आणि डागणारा हा कसला व्यापारी? या प्रश्नाचं उत्तर शोधायला त्या काळच्या युरोपात डोकवावं लागतं. तिथे सोळाव्या ते अठराव्या शतकापर्यंत राज्यकर्त्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या डोक्यात जो विचार होता, त्याला पुढे मर्कंटिलिझम, म्हणजे व्यापारवाद, असं नाव पडलं. त्याचा कुणी एक गुरू नव्हता की एक ग्रंथ नव्हता. पण काही गोष्टी सगळ्यांना मान्य होत्या. राज्याची ताकद सोन्याचांदीत आहे. ज्या देशात खाण नाही त्याने ती व्यापारातून मिळवावी. परक्याला विकावं जास्त, त्याच्याकडून घ्यावं कमी. कच्चा माल आत येऊ द्यावा, तयार माल बाहेर जाऊ द्यावा. आपला माल आपल्याच जहाजांतून जावा. आणि या सगळ्यासाठी राज्याने जकात, बंदी, मक्तेदारी आणि आरमार ही चारही हत्यारं वापरावीत. फ्रान्सचा मंत्री कोलबेर याने हे धोरण इतकं चोख राबवलं की तिथे ते त्याच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. १६६४ साली पूर्वेकडच्या व्यापारासाठी त्याने राजाच्या आश्रयाने फ्रेंच कंपनी काढली. त्याच वर्षी लंडनमध्ये टॉमस मन याचं परदेशी व्यापारावरचं पुस्तक छापलं गेलं. मन तोवर वारला होता. तो ईस्ट इंडिया कंपनीचाच एक संचालक होता, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे.

कारण कंपनीवर घरच्याच लोकांचा मोठा आक्षेप होता. हिंदुस्थानात इंग्लंडची लोकर कोण घेणार? इथल्या व्यापाऱ्याला हवी होती चांदी. स्पॅनिश अमेरिकेच्या खाणींतून निघालेली चांदी युरोपभर फिरून कंपन्यांच्या जहाजांतून सुरतेला, राजापूरला उतरायची आणि तिच्या मोबदल्यात मिरी आणि कापड चढायचं. चांदी साठवणं हाच धर्म मानणाऱ्या देशातून एक कंपनी दरसाल पेटारे भरभरून चांदी बाहेर नेते, हे लोकांना खुपणारच. मनने त्यावर तोड काढली: एकेका देशाशी होणारा हिशेब बघू नका, सगळ्या व्यापाराचा मिळून ताळेबंद बघा. हिंदुस्थानात गेलेली चांदी मालाच्या रूपाने परत येते, तो माल पुन्हा युरोपात विकला की गेल्यापेक्षा जास्त चांदी हातात पडते. व्यापारशेष ही आजच्या अर्थशास्त्राची नेहमीची संज्ञा. तिच्या मागचा युक्तिवाद असा कंपनीची वकिली करताना धारदार झाला. आणि ज्या व्यापाराची ही वकिली चालली होती, त्याची एक वाट राजापूरच्या खाडीतून अणुस्कुऱ्याच्या घाटाने कोल्हापूरच्या मुलखात चढत होती.

घाटाच्या या बाजूला कुणी ताळेबंदाची पुस्तकं लिहीत नव्हतं, पण जकातीचं शस्त्र कसं वापरायचं हे माहीत होतं. १६७१ साली महाराजांनी कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव याला मिठाबद्दल एक पत्र पाठवलं. पोर्तुगीजांच्या बारदेशात मीठ स्वस्त होतं. घाटावरचे व्यापारी आणि बैलांचे तांडे तिकडे वळू लागले होते, आणि स्वराज्यातल्या संगमेश्वराकडच्या मिठाला गिऱ्हाईक मिळेना. महाराजांनी हुकूम केला तो असा: बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे जकात आणि वाहतूक धरून ते आपल्या मिठापेक्षा महाग पडेल आणि व्यापारी आपोआप आपल्या बंदरांकडे वळतील. तसं न केलं तर बंदरांचा उदीमच मोडेल, ही त्यांची काळजी होती. या पत्रात खजिन्यात किती भर पडेल याचा विचार दुय्यम आहे. मुख्य विचार आहे तो आगरात मीठ पिकवणाऱ्याचा, ते वाहणाऱ्याचा आणि ज्या बंदरात ते चढतं त्या बंदराचा. कोलबेर फ्रान्समध्ये परदेशी कापडावर जकाती चढवत होता, त्याच काळातलं हे पत्र आहे.

याच व्यवहारी नजरेचा दुसरा दाखला रायगडावर, १६७४ च्या जूनमध्ये, राज्याभिषेकाच्या वेळी मिळतो. हेन्री ऑक्झिंडेन इंग्रजांचा वकील म्हणून गडावर आला होता. राजापूरच्या नुकसानीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती, असा त्याचा दुहेरी हेतू होता. बहुतेक कलमं मान्य झाली, दोन मात्र अडली. एक नाण्यांचं. कंपनी तेव्हा नुकतीच मुंबईत स्वतःची नाणी पाडू लागली होती आणि ती स्वराज्यात चालावीत अशी तिची मागणी होती. उत्तर मिळालं की कुठलंही नाणं चालायला आमची आडकाठी नाही, पण तोटा सोसून ते घ्या अशी सक्ती आम्ही रयतेवर करणार नाही. नाण्यातला धातू चोख असेल तर ते आपल्या किमतीला चालेल. दुसरं कलम होतं फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचं. असा माल मूळ मालकाला परत द्यावा, असं इंग्रजांचं म्हणणं होतं. ते कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, आणि तुम्हांला दिलं तर फ्रेंच आणि डच उद्या हेच मागतील, असं सांगून ते कलम बाजूला ठेवलं गेलं. ज्या राजाची स्वतःची व्यापारी गलबतं इराण, बसरा आणि मोख्यापर्यंत जात होती, असं सुरतेच्या इंग्रजांनीच लिहून ठेवलं आहे, त्या राजाचं हे बोलणं होतं.

रायगडावरच्या त्याच सोहळ्यात अष्टप्रधानांत अमात्य म्हणून रामचंद्र नीळकंठ उभे होते. पुढचं सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. महाराज गेले, संभाजीराजे मारले गेले, १६८९ साली राजाराम महाराज जिंजीला गेले आणि मुलखाची सगळी जबाबदारी रामचंद्रपंतांवर पडली. हुकूमतपन्हा हा किताब त्या काळातला. राजा शेकडो कोसांवर, खजिना रिकामा, औरंगजेब मुलखात ठाण मांडून बसलेला, अशा स्थितीत फौज पोसायची तर पैसा कुठून आणायचा, ही विवंचना त्यांनी कित्येक वर्षं वाहिली. साहुकाराची किंमत त्यांना ग्रंथ वाचून कळलेली नव्हती.

१७०७ नंतर छत्रपतींच्या घराण्याच्या दोन शाखा झाल्या. रामचंद्रपंत ताराबाईंबरोबर पन्हाळ्याला राहिले. १७१४ साली तिथे उलथापालथ झाली, ताराबाई आणि त्यांचा मुलगा नजरकैदेत गेले आणि त्यांच्या सवत राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला. याच कोल्हापूरकर संभाजीराजांच्या नावाने १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र तयार झालं, आणि ते रामचंद्रपंतांचं मानलं जातं. राजाने कसं वागावं, प्रधान कसे असावेत, वतनदारांना कसं आवरावं, किल्ले आणि आरमार कसं राखावं, हे सगळं त्यात आहे. आपल्या विषयासाठी त्यातली दोन प्रकरणं शेजारी ठेवून वाचावीत, कारण ती एकमेकांचा अर्थ उलगडतात.

पहिलं साहुकारांचं. साहुकार ही राज्याची शोभा आहे, त्यांच्यामुळे मुलूख भरभराटीला येतो, इथे न मिळणाऱ्या वस्तू बाहेरून येतात आणि राज्यावर प्रसंग पडला तर लागेल ते कर्ज उभं राहतं, असं अमात्य सांगतात. म्हणून त्यांना त्रास होऊ नये, त्यांचा अपमान होऊ नये, पेठा वसवाव्यात, त्यात त्यांना जागा द्याव्यात, परमुलखातले आणि दर्यापारचे व्यापारी कौल देऊन आणावेत. इथवर कुठल्याही शहाण्या राज्यकर्त्याने लिहावं असंच हे आहे. पण मग टोपीकरांचं प्रकरण येतं आणि सूर बदलतो. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार, म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच आणि डॅनिश, हेही व्यापारच करतात. तरी अमात्य त्यांना साहुकारांच्या पंक्तीला बसवत नाहीत. कारण यांच्यातल्या प्रत्येकामागे एक राजा आहे. त्या राजांच्या हुकमाने आणि त्यांच्या वतीने हे व्यापाराला येतात, आणि राजांना मुलखाचा लोभ नसेल असं होत नाही. यांना इथे शिरायचं आहे, जागा वाढवायची आहे, आपला धर्म रुजवायचा आहे. हातात आलेली जागा हे जीव गेला तरी सोडत नाहीत.

यानंतर अमात्य तत्त्वचर्चा थांबवून थेट जागेच्या मोजमापावर येतात. यांच्याशी संबंध ठेवावा तो येण्याजाण्यापुरता. वखारीला जागा द्यावीच लागली तर ती समुद्रकिनारी किंवा खाडीच्या तोंडाशी देऊ नये; राजापुरासारखी समुद्रापासून काही कोस आतली मोठी पेठ पाहावी, तिथेही सखल आणि वस्तीच्या आवाक्यात राहील अशी जागा नेमावी, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. कारण अगदी उघड आहे. टोपीकरांचं बळ म्हणजे आरमार, तोफा आणि दारूगोळा. किनाऱ्यावर जागा मिळाली की जहाजांच्या आधाराने ते किल्ला बांधतील, आणि मग तो मुलूख गेलाच म्हणून समजा. पन्हाळ्याखालच्या उखळी तोफेची आठवण त्या गडावर तेव्हा ताजी असणारच. शिवाय अमात्यांची जहागीर बावड्याची, सह्याद्रीच्या अगदी काठावर, जिथून कोकण पायाखाली दिसतं. खालून वर काय येतं, हे त्यांच्या घरच्या घाटाचं ज्ञान होतं.

टॉमस मन आणि त्याचे प्रतिस्पर्धी चांदी किती गेली आणि किती आली यावर वाद घालत होते. रामचंद्रपंतांनी चांदीचा विषयच काढला नाही. या व्यापाऱ्याच्या पाठीशी कोण उभं आहे, एवढंच त्यांनी विचारलं. व्यापारवादाचं खरं मर्म हेच आहे: त्यात संपत्ती आणि सत्ता वेगळ्या काढता येत नाहीत. युरोपात हे इतकं गृहीत होतं की त्यावर कुणी लिहीत बसत नव्हतं. ज्याच्या दारात ती कंपनी येऊन उभी राहिली, त्याला मात्र ते पहिल्या नजरेला दिसलं. आणि घरी तर तेव्हा हे राजे काय करत होते? इंग्लंडच्या पार्लमेंटने १७०० साली हिंदुस्थानातून येणारं छापील कापड वापरायला बंदी केली आणि १७२१ साली ती आणखी कडक केली. आज्ञापत्र या दोन कायद्यांच्या मधल्या काळात लिहिलं गेलं. मालवण-राजापूरला मुक्त वाट मागणारे लोक स्वतःच्या देशात दार लावून बसले होते.

मग एवढं ओळखूनही पुढचं टळलं का नाही? आज्ञापत्राच्या मर्यादाही इथेच दिसतात. टोपीकरांना आत ठेवायचं की बाहेर, याचा नेमका विचार त्यात आहे. पण आपल्या साहुकारांना बाहेर कसं न्यायचं, हा विचार नाही. साहुकार पाहुण्यासारखा सन्मानाने वागवायचा, अडीनडीला त्याच्याकडून कर्ज घ्यायचं, पण त्याला राज्याच्या आरमाराचा भागीदार करायचा नाही. लंडनमध्ये शेकडो लोकांचं भांडवल एकत्र आणून काढलेली कंपनी पिढ्यान् पिढ्या टिकत होती; राजा बदलला तरी तिचं कामकाज थांबत नव्हतं. इथे साहुकाराची पेढी एका घराण्याची आणि गलबत सरकारचं किंवा सरखेलांचं. सरखेल कान्होजी आंग्र्यांनी जहाजांना आपली दस्तकं घ्यायला लावून समुद्रावर पोर्तुगीजांचीच जुनी रीत त्यांच्यावर उलटवली होती. पण १७१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते साताऱ्याच्या शाहू महाराजांकडे गेले, आणि पन्हाळ्याचं राज्य किनाऱ्यावर आणखी एकटं पडलं. जे शहाणपण अमलात आणायला सगळा किनारा एका हाताखाली हवा होता, ते वाटणी झालेल्या राज्याच्या एका तुकड्यात लिहिलं गेलं.

पुढच्या शंभर वर्षांत कोल्हापूरने त्याची किंमत मोजली. सिंधुदुर्ग आणि मालवण कोल्हापूरकडे होते, आणि तिथली गलबतं येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना अडवत. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. कोल्हापूरच्या दृष्टीने तो आपल्या पाण्यावरचा आपला अधिकार होता. १७६५ साली मुंबईकर इंग्रजांच्या आरमाराने सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव देऊन टाकलं. जिजाबाई राणीसाहेब तेव्हा कारभार पाहत होत्या. पुढल्या वर्षी तह करून, मोठी भरपाई कबूल करून किल्ला परत मिळवावा लागला. १७९२ च्या तहात मालवणला आणि खुद्द कोल्हापुरात वखार घालायला परवानगी द्यावी लागली. आणि १८१२ च्या तहाने सिंधुदुर्गासह मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं. समुद्रतीरी जागा देऊ नका, असं ज्या दरबाराने लिहिलं, त्याच दरबाराच्या हातात शंभर वर्षांनी समुद्रतीर उरला नाही.

दरम्यान खुद्द ब्रिटनमध्ये व्यापारवादावर मोठा हल्ला झाला. १७७६ साली अॅडम स्मिथच्या ग्रंथाने सांगितलं की राष्ट्राची संपत्ती चांदीच्या पेटाऱ्यात नसते, लोकांच्या श्रमात आणि उत्पादनात असते. जकाती आणि मक्तेदाऱ्या मूठभर व्यापाऱ्यांचा फायदा करतात आणि बाकीच्यांचं नुकसान. ईस्ट इंडिया कंपनीवर त्याने खास हत्यार उपसलं. राज्यकर्ती म्हणून प्रजा सुखी असावी हे तिचं हित, आणि व्यापारी म्हणून प्रजेचा माल पडेल भावाने मिळावा हेही तिचं हित. ही दोन हितं एका अंगात नांदू शकत नाहीत, असा त्याचा दावा होता. स्मिथने ग्रंथ लिहिला तेव्हा बंगालमधला भीषण दुष्काळ होऊन गेला होता. अमात्यांनी जो धोका वखारीच्या जागेवरून ओळखला होता, तो स्मिथने बंगालच्या अनुभवावरून ओळखला. एक बाहेरून पाहत होता, दुसरा आतून, पण दोघांचं बोट एकाच जागी होतं.

स्मिथनंतर खुला व्यापार हे इंग्लंडचं नवं धर्मवचन झालं. हातमागाच्या स्पर्धेची भीती उरली नव्हती, गिरण्या उभ्या होत्या, आता दारं उघडी असण्यात त्याचा फायदा होता. जर्मनीत फ्रेडरिक लिस्टने १८४१ साली हा कावा उघड केला: स्वतः संरक्षणाच्या शिडीने वर चढायचं आणि मग ती शिडी काढून घ्यायची. हा विचार हिंदुस्थानच्या प्रश्नाला सर्वांत ठसठशीतपणे लावला तो महादेव गोविंद रानड्यांनी. जन्म निफाडचा असला तरी त्यांचं लहानपण आणि पहिलं शिक्षण कोल्हापुरात झालं. वडील संस्थानच्या चाकरीत होते. १८९२ साली पुण्यात डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी व्यापारवादाला गेलेल्या काळाचा मूर्खपणा म्हणून मोडीत काढलं नाही. आर्थिक सिद्धान्त सर्व काळी आणि सर्व देशी सारखे लागू होत नाहीत, मागे पडलेल्या देशात सरकारने उद्योग उभारायला हात दिला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पुढे १९३६ साली केन्सनेही व्यापारवाद्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, हे आपल्या ग्रंथाच्या एका अख्ख्या प्रकरणात कबूल केलं. रानडे त्याच्या आधी चव्वेचाळीस वर्षं बोलले होते.

फक्त रानड्यांना ज्या सरकारकडून हे हवं होतं, ते लंडनच्या हिशेबाने चालत होतं. १८८२ साली कापसाच्या कापडावरची आयात जकात काढली गेली, आणि १८९६ साली परदेशी कापडावर साडेतीन टक्के बसवताना हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर लादला गेला, लँकेशायरला बरोबरीचं वाटावं म्हणून. याच वर्षांत कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज आज्ञापत्रातल्या साहुकारांच्या प्रकरणाप्रमाणे वागत होते, ते वाचून असो वा नसो. १८९१ साली मिरजेहून रेल्वे आली होती. १८९५ साली त्यांनी शाहूपुरीची पेठ वसवली, व्यापारी बोलावले, आणि गुळाच्या बाजाराने कोल्हापूरचं नाव देशभर नेलं. १९०६ साली शाहू मिलचा पाया घातला. पेठ वसवणं, जागा देणं, गिरणी उभारणं एवढं संस्थानच्या हातात होतं. ती गिरणी ज्या विलायती कापडाशी झुंजणार होती, त्यावर जबर जकात बसवणं मात्र हातात नव्हतं, कारण ते कापड ज्या बंदरांत उतरत होतं त्यांतलं एकही १८१२ नंतर कोल्हापूरचं नव्हतं. साहुकारांच्या प्रकरणावर टोपीकरांच्या प्रकरणाशिवाय अंमल करायचा झाला, तर राज्याच्या हातात बाजार राहतो, पण बाजारभाव ठरवण्याचा अधिकार राहत नाही. रामचंद्रपंतांनी ती दोन प्रकरणं एकाच कागदात लिहिली होती.